लेन्स जोडलेली नाही

पहिल्या दिवशी कॅमेरा चालू केला
तर पडद्यावर पांढरी अक्षरं:
लेन्स जोडलेली नाही.
सव्वा किलोचं पितळ आणि काच डाव्या तळहातावर,
मनगट आत्ताच कुरकुरायला लागलेलं,
आणि हा म्हणतो, नाही.

मेनूत खोल, चौथ्या पानावर एक ओळ सापडली:
लेन्सशिवाय फोटो काढू द्यावा का?
द्यावा, म्हटलं.
मग चारशे हा आकडा हाताने भरला,
म्हणजे माझा हात किती कापतो
याचा हिशोब त्याला करता येईल.

लेन्स नौपाड्यातली. सिद्धयेकाकूंनी
कपाटावरून काढली, स्वतः स्टुलावर चढून.
मला चढू दिलं नाही.
काका एका सायंदैनिकाला क्रिकेटचे फोटो द्यायचे.
सेंट्रल मैदान, ऊन, टोपी, पोळीचा डबा.
"रोल मोजून मिळायचे गं.
छत्तीसमध्ये अख्खा दिवस बसवायचा.
आमच्या पोरांच्या बारशाचे फोटो शेजाऱ्यांनी काढलेत."
पैसे घेतले, मोजले,
त्यातले दोनशे परत केले,
बुरशीचे म्हणून.

बुरशी आहे. टॉर्च मारला की आतल्या काचेवर
बारीक पांगलेलं झुडूप दिसतं, तिवराच्या मुळांसारखं.
फोटोत येत नाही.
म्हणजे, सूर्याकडे तोंड केलं तर येतं,
सगळं चित्र ताकात कालवल्यासारखं.
म्हणून मी पूर्वेला पाठ करून बसते,
नेरूळला, शाळेमागच्या तळ्यावर,
खाडीला भरती असेल त्या सकाळी.
भरतीत तिकडचा चिखल बुडतो
आणि पक्षी इकडे उभे राहायला येतात.

शेजारी ऐरोलीचा निहार मढवी.
त्याचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपणच शोधतो,
हिरवी चौकट घालतो,
सेकंदाला वीस.
निहार मधे मधे चहा पितो.

माझ्याकडे फक्त कडा लाल होतात,
जिथे नेमकं असेल तिथे.
रिंग फिरवली की लाल मुंग्यांची रांग
गवतावरून निघते, पाण्याच्या काठाने जाते,
शेकाट्याच्या गुलाबी पायावर चढते,
गुडघा,
पोट,
मान.
डोळ्यापाशी पोचली की श्वास धरायचा.
तेवढ्यात तो मान वळवतो.
पुन्हा गवत.

बगळ्याला सगळीकडून जांभळी किनार येते.
काच जुनी आहे, पांढरं तिला सोसत नाही.
निहार म्हणतो, संगणकावर काढून टाक.
मी ठेवते. त्याला शोभते.

रिंगचं रबर एका जागी गुळगुळीत झालंय,
पन्नास आणि शंभर मीटरच्या मधे,
सीमारेषेपासून खेळपट्टी असेल तेवढ्यावर.
अंगठा तिथे आपोआप बसतो.
माझा अंगठा लहान आहे, कडेला जागा उरते.

मार्चमधल्या एका मंगळवारी
पलीकडून दलदली भोवत्या खाली उतरला
आणि तळं एकदम उठलं.
रोहित, तुतवार, सगळे.
हजार डोळे. निहारची चौकट
याच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून तिवरावर,
तिथल्या एका काटकीवर जाऊन थांबली, खुशाल.
मी काही केलं नाही.
अंगठा त्या गुळगुळीत जागेवर होता, तसाच राहू दिला.
एकदाच दाबलं.

निहारने माझ्या पडद्यावर वाकून पाहिलं.
परत उतरणारा एक शेकाट्या,
पाय पुढे ताणलेले, टाच चिखलापासून बोटभर वर,
चिखल अजून उडालेला नाही.
खाली नोंद: शून्य मिलिमीटर.
छिद्र, शून्य.
"मावशी, हा कशाने काढला म्हणायचं?"

रविवारी प्रिंट घेऊन नौपाड्याला गेले.
काकूंनी हात पुसले, चष्मा कपाळावर चढवला,
फोटो अगदी नाकाशी धरला.
पक्ष्याचं नाव विचारलं नाही.
त्या ताणलेल्या पायांकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या,
"पोचला का गं आत?"

"माहीत नाही," म्हटलं. "एकच काढला."

"हं," काकू म्हणाल्या,
आणि स्टूल ओढायला लागल्या.
वर अजून एक पेटी होती.